वापसा येईपर्यंत

९ जून
मृग लागला. आभाळ भरतं अन् मांजरेकडं सरकतं. पेरणीयंत्र जोडून बघावं म्हणून छोट्या ट्रॅक्टरची चावी फिरवली. टक्. पुढं काहीच नाही.

१० जून
मीटरवर बॅटरी १२.१ व्होल्ट. भरलेली १२.६ दाखवते. टर्मिनलवर हिरवं-पांढरं पीठ साचलेलं. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतलं, पॉलिश पेपर मारला. रेणापुरात चार्जिंगला ठेवून आले.
आप्पा ओट्यावरून, "नवीच आण की." खताला ठेवलेले पैसे बॅटरीत घालायचे नाहीत. आधी दोष कळू दे.

११ जून
रात्री पत्र्यावर चांगला वाजला. सकाळी उकरून बघितलं. ओल चार बोटं, खाली कोरडं. गावात दोघांनी तिफण काढली. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरायचं नाही. दुबार पेरणीचं बियाणं कोण देणार?

१२ जून
बॅटरी १२.६. लाइट लख्ख. चावी फिरवली तर आता टक् पण नाही.
मिस्त्री येऊन गेला. न बघताच म्हणाला, स्टार्टर गेला, काढून लातूरला पाठवू. नको म्हटलं.

१३ जून
बल्बला दोन वायरी जोडून घेतल्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं, दुसऱ्यानं वायर धरून पुढं पुढं गेले. स्टार्टरच्या जाड केबलवर बल्ब पेटला. सोलेनॉइडच्या बारीक वायरवर, क्लच दाबून चावी फिरवलेली असताना, पेटत नाही. म्हणजे स्टार्टरला हुकूमच पोचत नाही. फ्यूज चांगला. चावीच्या मागं करंट आहे. क्लचच्या स्विचपर्यंत आहे. स्विचच्या पुढं नाही.
तिथंच आहे.
आप्पा, "काय करलालीस गं अंधारात?" जेवायला उठले.

१४ जून
पेडलखाली वाकून बघितलं. गेल्या हंगामातला काळा चिखल वाळून दगड झालेला. स्विचचं बटण त्यात रुतलेलं, क्लच पूर्ण दाबला तरी आत जात नाही.
मिस्त्री फोनवर म्हणाला, दोन्ही वायरी डायरेक्ट जोडून टाका, सगळे तसंच करतात. सगळे करतात हे खरं. पान्यानं स्टार्टर शॉर्ट करणारेही आहेत. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर उडी मारून अंगावर येतो. क्लच दाबल्याशिवाय इंजिन फिरू नये, एवढ्याचसाठी तो स्विच आहे. आमचा धाकटा शाळेतून आला की आधी त्या सीटवर चढतो. डायरेक्ट करणार नाही.

१५ जून
डिझेल अन् ब्रशनं स्विच साफ केला. बटण वर-खाली होतंय. स्टार्टर फिरला!
इंजिन धरत नाही. फिरतं, फिरतं, धूरसुद्धा नाही. बॅटरी पुन्हा खाली जाईल म्हणून थांबले.

१६ जून
धूर नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. फिल्टरच्या वाटीत तळाला पाणी. उन्हाळाभर टाकी अर्धी होती, तिथंच घाम धरला असणार. वाटी धुतली, फिल्टर नवा घातला. फिल्टर खोलला की हवा शिरते. वरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहिले. आधी फेस, मग बुडबुडे, मग अखंड धार. स्क्रू आवळला.
चालू झाला. पांढरा धूर, मग साफ. आप्पा ओट्यावरून उठून आले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. काही बोलले नाहीत.

१७ जून
दिवसभर पाऊस.

१८ जून
पाऊस. उगवण बघायला गोणपाटात गुंडाळलेलं सोयाबीनचं एमएयूएस-१६२ उघडलं. शंभरातले ७८ उगवले. सत्तरच्या वर आहे, एकरी तीस किलो पुरे.

१९ जून
उघडीप. रानात पाय घोट्यापर्यंत जातो. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याकडं अख्खं गाव नंबर लावून बसलंय.

२१ जून
वापसा. माती मुठीत वळते, सोडली की फुटते. बियाण्याला रायझोबियम लावून सावलीत वाळवलं. पहाटे एका चावीत चालू. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर. सुरुवातीला बी खोल पडत होतं, उतरून फण वर घेतले. तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं तर आमच्या मातीत पापडी धरते अन् कोंब वर येत नाही.
संध्याकाळपर्यंत वरची पट्टी झाली. नवा स्विच मागवलाय. तोवर रोज सकाळी पेडलखालचा चिखल खरवडायचा. खालच्या रानात ओल जास्त, चाकं रुततील. तिकडं परवा.