चर्चगेट ते भाईंदर, पळत!

दोस्तांनो, मीरा-भाईंदरला कधी गेला आहात? तुमच्यापैकी काहीजण तिथेच राहत असतील. त्यांना आजचा प्रवास घरी जाण्याचा वाटेल, बाकीच्यांना सहलीचा!

चर्चगेटहून धीम्या लोकलमध्ये बसायचं. दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली अशी स्टेशनं मागे टाकत गाडी दहिसर सोडते. इथे मुंबईची हद्द संपते आणि ठाणे जिल्हा सुरू होतो. आता येतं मीरा रोड, मग भाईंदर. भाईंदरच्या पुढे वसईची खाडी! पूर्वी ही सगळी वेगवेगळी गावं होती. नवघर, मुर्धे, राई, मोर्वे, समुद्राकाठचं उत्तन, खाडीकाठचं घोडबंदर. मिठागरं, भातशेती आणि मासेमारी हे इथले जुने उद्योग. आता उंच इमारतींची दाटी झाली आहे, आणि २००२ पासून इथे महानगरपालिकाही आहे.

चर्चगेट ते भाईंदर हे अंतर रेल्वेच्या हिशेबाने सुमारे ४३ किलोमीटर आहे. गाडीला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. बसायला जागा मिळाली नाही, तर हाच प्रवास केवढा लांब वाटतो, हो ना?

आता गंमत ऐका. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिंपिक स्पर्धा भरल्या होत्या. तिथली मॅरेथॉन शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सर्वांत लांब मॅरेथॉन! म्हणजे जवळजवळ चर्चगेट ते भाईंदर. आणि त्या शर्यतीत आपला एक माणूस पळत होता, बरं का! बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले.

तेव्हा आपण असं करू. अँटवर्पची ती शर्यत चर्चगेट-भाईंदरच्या वाटेवर आणू. रुळांवर नव्हे हं, मनातल्या मनात!

तारीख २२ ऑगस्ट १९२०. सुरुवातीच्या घोळक्यात फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन दिसतो आहे. वय ३०, धंद्याने गवंडी. हा साधासुधा गडी नाही. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने ५००० मीटर, १०,००० मीटर आणि क्रॉसकंट्री अशा तीन शर्यतींत सुवर्णपदकं मिळवली होती. ५००० मीटरमध्ये तर फ्रान्सच्या झाँ बुआँला त्याने अवघ्या एक दशांश सेकंदाने हरवलं होतं! पण त्या वेळी फिनलंडवर रशियाच्या झारचं राज्य होतं. त्यामुळे हानेस जिंकला आणि वर चढला तो रशियाचा झेंडा. तो पाहून, आपण जिंकलो नसतो तरी चाललं असतं, असं त्याला वाटलं होतं म्हणतात.

मग महायुद्ध पेटलं आणि १९१६ चं ऑलिंपिक रद्द झालं. १९१७ साली फिनलंड स्वतंत्र झाला. आता आठ वर्षांनी हानेस पुन्हा ऑलिंपिकच्या शर्यतीत उतरला होता, आणि या वेळी त्याचा झेंडा त्याचा स्वतःचा होता.

फडेप्पाचं काय? भारतावर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. त्या आधी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खेळांच्या स्पर्धा भरवल्या होत्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. खेड्यापाड्यांतून आलेले तरुण शेतकरी अनवाणी पळताना त्यांनी पाहिले. धड शिक्षण नाही, पायांत बूट नाहीत, तरी वेग असा की दोराबजी चकित झाले! ही मुलं परदेशात का पळू नयेत? त्यांनी खटपट केली, स्वतः पैसे घातले, आणि भारताचा एक छोटासा संघ बोटीने युरोपला निघाला. त्यात दोन पहिलवान होते आणि काही धावपटू. फडेप्पा त्यांतलाच एक.

तर शर्यत सुरू झाली. अंधेरी येईपर्यंत निम्मं अंतर संपलं. इथवर हानेसच्या बरोबरीने दक्षिण आफ्रिकेचा गिटशॅम पळत होता. पुढे मात्र गिटशॅमला शर्यत पुरी करता आली नाही. दोन तासांत हानेस बोरिवलीला पोचला. मागून एस्टोनियाचा लॉसमान जवळ येत होता. दहिसर, मीरा रोड... आणि २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांनी हानेस भाईंदरला! लॉसमान त्याच्यापेक्षा १२.८ सेकंद मागे होता. म्हणजे आपल्या लोकलचे जेमतेम तीन डबे! तिसरा आला इटलीचा व्हालेरिओ आरी. एवढं पळूनही त्याच्या अंगात इतका जोम शिल्लक होता की, त्याने तिथेच तीन कोलांट्या मारल्या!

आणि आपला फडेप्पा? हानेस पोचला तेव्हा तो दहिसर मागे टाकून मीरा रोडच्या अलीकडे होता. अजून साडेचार किलोमीटर बाकी. शर्यत कोणी जिंकली हे ठरून गेलं होतं, पदकंही संपली होती. तरीही तो पळत राहिला आणि २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत त्याने शर्यत पुरी केली. क्रमांक १९ वा.

"एकोणिसावा? त्यात काय मोठंसं!" असं कोणी म्हणेल. त्याच्यासाठी एक छोटा हिशेब. फडेप्पाला दर किलोमीटरला साधारण ४ मिनिटं लागली. म्हणजे १०० मीटरला २४ सेकंद. शाळेच्या मैदानावर १०० मीटर मोजा, आईला किंवा बाबांना घड्याळ धरायला सांगा आणि पळा. २४ सेकंदांत सहज पोचाल! आता न थांबता तसेच आणखी ४२६ वेळा पळा. मग सांगा, एकोणिसावा क्रमांक लहान की मोठा?

आणखी एक गोष्ट पाहा. हानेसच्या मागे त्याचे धावपटू भाऊ होते, त्याची स्वतःची तीन सुवर्णपदकं होती. फडेप्पाच्या आधी भारतातून ऑलिंपिकची मॅरेथॉन कोणी पळलंच नव्हतं. कोणाला विचारणार, कोणाचं पाहून शिकणार? पहिल्याने जाणाऱ्याला वाट स्वतःच पाडावी लागते. म्हणून नुसता क्रमांक पाहू नये, माणूस कुठून निघाला तेही पाहावं.

ती वाट पुढे वाहती राहिली. १९५२ साली ऑलिंपिक हानेसच्या देशात, हेलसिंकीला भरलं. उद्‌घाटनाला स्टेडियमच्या मनोऱ्यावरची ज्योत पेटवली ती म्हाताऱ्या हानेसने. त्याच हेलसिंकीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! आणि २०२४ साली पॅरिसमध्ये बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाला. या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. त्याचा क्रमांक ११ वा आला. आता तुम्ही "त्यात काय!" म्हणणार नाही, ठाऊक आहे मला.

तर पुढच्या वेळी लोकलने भाईंदरला जाल, तेव्हा दहिसर सुटलं की खिडकीशी या. मीरा रोड येईपर्यंत शेजारच्याला फडेप्पा चौगुल्यांची गोष्ट सांगून होईल. तेवढा वेळ नक्की मिळतो!