रात्रीला नावं ठेवू नका

वारणा खोऱ्यात रात्रपाळीचं कुणाला नवल नाही. पन्नासच्या दशकात तात्यासाहेब कोरेंनी माळावर साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून इथल्या घरांचं जेवणखाण, झोप, पाहुणेरावळे सगळं भोंग्यावर चालतं. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. माझे अण्णा बॉयलरला होते. हंगामात ते कधी घरी असतील हे आईला कॅलेंडरपेक्षा भोंग्यावरून कळायचं. कारखान्यात नाही तो शेतात; शेतीपंपाला लाइट रात्रीची, त्यामुळं उसाला पाणी पाजायचं तेही रात्रीच. अशा गावात बारावीनंतर मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला तो रात्रीचा.

आत्या म्हणाली, "पोरीच्या जातीनं रात्रीचं दुसऱ्याचं हगणंमुतणं काढायचं? त्यापरीस डीएड कर की. दहा ते पाच, आणि स्थळंबी चांगली येत्यात." हे 2008 सालचं. तेव्हा डीएडची हवा होती, कॉलेजं पावसाळी छत्र्यांसारखी उगवत होती. इंजिनिअरिंग आणि फार्मसीची कॉलेजं तर वारणानगरात दारातच, पण त्यांची फी आमच्या आवाक्यात नव्हती. अण्णा तेवढे गप्प होते. दोन दिवसांनी म्हणाले, "मी तीस वर्षं रात्रपाळी केली, मला कुणी नावं ठेवली नाहीत. हिला का ठेवावीत?" विषय तिथं संपला. माझ्या वर्गातल्या ज्या मुली डीएडला गेल्या, त्यांच्यावेळी भरतीच आटली. आज त्यातली एक कापडदुकानात आहे, एक शिवणकाम करते. आत्याला हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण लिहायला हरकत नाही.

जीएनएमसाठी मिरजेला गेले. डॉ. वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलमुळे मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नर्सिंग शिकवलं जातंय, गावाला या कामाची सवय आहे. तिथं रिक्षावालाही "सिस्टर, बसा" म्हणतो. तेव्हा कोर्स साडेतीन वर्षांचा होता. शिक्षण कडक, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार सुरू झाली ती नोकरीपासून.

कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात लागले. पगार साडेसहा हजार. जॉइन होतानाच मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतली आणि दोन वर्षांच्या कागदावर सही. पहिल्याच आठवड्यात नाइट लागली. वॉर्डात बावीस पेशंट, स्टाफ मी एकटी. जोडीला एक मावशी, आणि मामा खाली कॅज्युअल्टीत. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असं आहे, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला तर एकास एक. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. वॉर्डात मात्र रात्री दहाची इंजेक्शनं संपेपर्यंत बारा वाजायचे आणि बाराची संपेपर्यंत पहाटेचे आठ-दहा आरबीएस, म्हणजे रक्तातल्या साखरेच्या तपासण्या, डोळ्यांसमोर उभ्या. एका कॉटवरची सलाईन संपते, दुसरीकडं नळीत रक्त चढतं, तिसऱ्याला उलटी, आणि चौथ्याचा नातेवाईक विचारतो, "सिस्टर, फॅन जरा वाढवा की."

रात्रीची भीती मला कधी वाटली नाही. भीती वाटायची ती या आकड्याची. बावीसमधला एक जरी अचानक बिघडला तरी उरलेले एकवीस देवाच्या भरवशावर.

अशाच एका रात्री एक आजोबा गेले. त्यांचं वय, हृदय, सगळंच थकलेलं होतं, डॉक्टरांनी संध्याकाळीच कल्पना दिली होती. तरी मुलानं ट्रॉली ढकलून दिली, माझा हात पिरगळला. महाराष्ट्रात 2010 पासून अशा हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. सकाळी मी तक्रारीचं विचारलं तर वरून निरोप आला, "मिटवून घ्या, गावातली माणसं आहेत, उद्या पेशंट येणार नाहीत." इन्चार्ज सिस्टरनी माझ्या मनगटाला क्रेप बँडेज बांधलं आणि पुढच्या नाइटला माझ्याबरोबर आणखी एकीला लावलं. त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं.

आत्याच्या बोलण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. केईएमच्या अरुणा शानबाग यांची गोष्ट प्रत्येक नर्सच्या घरात कुणी ना कुणी काढतंच. पण 27 नोव्हेंबर 1973 ला त्यांच्यावर हल्ला झाला तो दिवसाची ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलताना. म्हणजे घड्याळात किती वाजले यापेक्षा कपडे बदलायला खोली कुठं आहे, तिला कडी आहे का, वाटेत दिवा आहे का, हे विचारायचं असतं. ते कुणी विचारत नाही. मुलीला घरी बसवणं सोपं पडतं.

दोन वर्षं भरली, प्रमाणपत्रं सोडवली आणि पुण्याला आयसीयूत गेले. काम अवघड, पण दोन पेशंटमागे एक स्टाफ. तिथं मला पहिल्यांदा कळलं की मी चांगली नर्स आहे. पुढं आईच्या आजारपणामुळं परत आले आणि वारणेच्या पट्ट्यातल्याच एका दवाखान्यात कॅज्युअल्टीला लागले.

नर्स काय करते असं कुणी विचारलं तर मी तिथलीच एक रात्र सांगते. साडेअकराला एक माणूस आणला. उसाला पाणी पाजताना पायाला काहीतरी लागलं, अंधारात दिसलं नाही. घोटा सुजलेला, हिरड्यांतून किंचित रक्त. घोणस असावी. तेव्हा करायची तपासणी इतकी साधी आहे की सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. काचेच्या कोरड्या, स्वच्छ टेस्टट्यूबमध्ये दोन मिली रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. ट्यूब काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही. साबणानं धुतलेली असली तरी निकाल फसतो. म्हणून कोऱ्या ट्यूबा मी कपाटात वेगळ्या ठेवायची आणि मावशींना बजावून ठेवायची, "ह्या धुवायच्या न्हाईत." वीस मिनिटांनी ट्यूब अलगद तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठण्याची ताकद गेलेली. डॉक्टरांनी सर्पविषाच्या लसीच्या दहा बाटल्या सांगितल्या. ती पूड असते. प्रत्येकीत दहा मिली पाणी घालून हातानं हळू गोल फिरवायची, हिसडायची नाही, नाहीतर फेस होतो. शेजारी अॅड्रिनॅलिन भरून तयार, कारण लसीचीच रिअॅक्शन येऊ शकते. पहिला अर्धा तास मी कॉटजवळून हलले नाही. खाज, गांधी, धाप, बीपी, सगळं बघत उभी. हलले नाही, कारण हलावं लागलं नाही: त्या रात्री आम्ही दोघी होतो. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात मी एकटी असते तर बाकीचे एकवीस हाका मारत असते.

माणूस चौथ्या दिवशी चालत घरी गेला. जाताना डॉक्टरांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "बाई, चहाचं कुठं मिळंल?" मला राग नाही आला. पण हेही खरं आहे.

मग पुढचं काय, हा प्रश्न तिशीत येतोच. सोबतच्या दोघी आखातात गेल्या. तिथं जायचं तर अनुभवाची पत्रं लागतात, कागदपत्रं तपासणारे डेटाफ्लोवाले जुन्या दवाखान्याला पत्र धाडून खातरजमा करतात. ज्या दवाखान्यानं पगार रोखीत दिला त्यानं पत्रही दिलं नाही, की गाडं अडलं. एक मैत्रीण जर्मन शिकतेय. 2024 साली महाराष्ट्र शासनानं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. पण भाषेची पायरी मोठी आहे, एजंटाच्या गोड बोलण्यानं ती लहान होत नाही. सरकारी अधिपरिचारिकेची मूळ वेतनाची सुरुवात 35,400 ची. जागा निघाली की एका जागेला किती अर्ज पडतात ते विचारू नये. खासगीचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही नर्सला महिना किमान 20,000 द्यावेत असं सुचवलं. शिफारशी राज्यांकडे गेल्या. माझ्या खात्यात त्या काही आल्या नाहीत.

मी पोस्ट बेसिक बीएस्सी केलं, सहा महिन्यांचा कोर्स केला आणि उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी झाले. पंचवीस हजार ठरलेले आणि कामावर पंधरा हजारांपर्यंत. कंत्राटी. बीपी, शुगर, गरोदर बायका, टेलिकन्सल्टेशन, आणि या सगळ्याची मोबाइलवर नोंद. एवढी नोंद की कधी कधी पेशंट समोर बसून राहतो आणि मी अॅपची वाट बघते. तरी पाणी पाजायला जाणाऱ्यांना बूट, बॅटरी, आणि चावलं तर चिरायचं-बांधायचं नाही हे मी दर आठवड्याला सांगते. आत्या आता स्वतः बीपी तपासायला येते, आणि शेजारणीच्या नातीला नर्सिंगला घाला म्हणते.

त्या नातीचे वडील परवा भेटले. त्यांनीही पहिलं रात्रीचंच विचारलं. त्यांना सांगितलं तेच इथं सांगते. मुलीला कॉलेजात घालताना सेवेचा बॉन्ड लिहून देऊ नका, कौन्सिलची त्याला मनाई आहे. नोकरीला लागताना मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या कपाटात ठेवू नका. पगार बँकेतच घ्यायला सांगा. आणि मुलाखतीला सोबत गेलात तर पगाराच्या आधी एवढं विचारा: रात्री एका नर्सकडं पेशंट किती?