बोटाला सापडेल अशी जागा

घरात वृद्ध माणूस असले की आपण काठीची उंची पाहतो, न्हाणीघरात पकडायला दांडी बसवतो, पायरीच्या कडेला रंगाचा पट्टा ओढतो. या यादीत आज मी एक फार लहान वस्तू घालू इच्छितो. ती म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरील आयकॉन, ज्याच्यावर बोट टेकवले की फोन लागतो, नातवाचा चेहरा दिसतो किंवा खात्यातून पैसे जातात ते चौकोनी चित्र. त्याचा आकार केवढा असावा आणि ते पडद्यावर कुठे असावे, हा प्रश्न अभियंत्यांचा आहे असे वरकरणी वाटते. माझ्या अनुभवात तो घरच्या मंडळींचा आहे, आणि काही अंशी डॉक्टरांचाही.

माझा दवाखाना तालुक्याच्या गावी आहे. नाडी आणि रक्तदाब पाहून झाला की साठीपुढील रुग्णाला मी हल्ली एक विनंती करतो, ‘तुमच्या फोनवरून घरी फोन लावून दाखवा बरं.’ याला मिनिटभरही लागत नाही. तेवढ्यात बोट कसे उठते, कुठे उतरते, किती वेळा चुकते, नजर पडद्याच्या कोणत्या भागावर फिरते, हे सारे दिसते. सोबत आलेला मुलगा किंवा सून बहुधा मध्येच हात पुढे करते, ‘द्या बाबा, मी लावते.’ त्यांना मी थांबवतो. त्या अर्ध्या मिनिटातली धडपडच मला पाहायची असते.

वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते. निळ्या-हिरव्या छटांमधील फरक पुसट होतो, पांढऱ्यावरची राखाडी अक्षरे विरून जातात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर हे पुष्कळदा सुधारते. ज्यांची ती झालेली नाही त्यांच्यासमोर निळ्या कुळातील दोन आयकॉन शेजारी ठेवणे म्हणजे जुळ्या भावांतला थोरला ओळखायला लावणे होय. बोटांचीही अशीच गत आहे. आजचे पडदे दाबाने चालत नाहीत, बोट टेकल्यावर होणाऱ्या सूक्ष्म विद्युतभाराच्या बदलावर चालतात. आयुष्यभर शेतात आणि राखेसाबणात राबलेली कोरडी, घट्टे पडलेली बोटे त्या पडद्याला नीट जाणवत नाहीत. मग काकू अधिक जोर लावतात, अधिक वेळ दाबून धरतात, आणि दाबून धरले की आयकॉन जागचा सुटून भलतीकडे सरकतो. हातांना रोज मॉइश्चरायझर लावले तर बराच फरक पडतो. निकड असेल तर बोट ओलसर फडक्याला किंचित टेकवून घ्यावे.

कंपाचे दोन प्रकार मात्र वेगळे ओळखावेत. एक कंप हात मांडीवर निवांत असताना दिसत नाही, वस्तूकडे जाताना वाढतो. पार्किन्सनचा कंप पुष्कळदा याउलट, हात विसावलेला असताना अधिक दिसतो, आणि तिथे खरी अडचण असते ती मंदावलेल्या हालचालींची. पहिल्या रुग्णाला दोन आयकॉनमध्ये अंतर हवे असते. दुसऱ्याला वेळ हवा असतो.

आकाराचे म्हणाल तर पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दाखवून दिले होते की हाताला लक्ष्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल हे लक्ष्य किती दूर आहे आणि किती रुंद आहे यावर ठरते. त्याच्यापुढे मोबाइल नव्हता. धातूच्या दोन पट्ट्यांवर आलटून पालटून कांडी टेकवायला लावून त्याने हे मोजले. आज ॲप घडवणाऱ्यांना गूगलची शिफारस आहे की स्पर्शाची जागा किमान ४८ एकके, म्हणजे पडद्यावर सुमारे ९ मिलिमीटर असावी. ॲपलचा आकडा त्यांच्या मापात ४४ आहे. पण हे किमान माप झाले, तेही सर्वसाधारण बोटासाठी. थरथरत्या हातासाठी मी घरच्यांना सांगतो की आयकॉन अंगठ्याच्या नखाएवढा दिसावा आणि दोन आयकॉनमध्ये बोटाची रुंदी मावेल एवढी मोकळी जागा राहावी. पहिल्या पानावर सहाहून अधिक आयकॉन नकोतच.

यासाठी नवा फोन घ्यावा लागत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये अक्षरांचा आकार आणि पडद्यावरील एकूण सगळ्या गोष्टींचा आकार, असे दोन निरनिराळे पर्याय असतात. मंडळी बहुधा पहिलाच वाढवतात. मग अक्षरे मोठी होतात, चित्रे तेवढीच राहतात. आणि अक्षरे फारच मोठी केली तर काही ॲप्समधील ‘पुढे जा’चे बटण पडद्याखाली ढकलले जाते आणि आजी तिथेच अडकतात. दोन्ही पर्याय थोडे थोडे वाढवावेत. दाबून धरण्याचा अवधी ॲक्सेसिबिलिटी विभागात लांबवता येतो, म्हणजे बोट रेंगाळले तरी आयकॉन सुटत नाही. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘ईझी मोड’ आहे, आयफोनमध्ये २०२३ पासून ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ आहे. दोन्हींत मोजक्याच गोष्टी मोठ्या आकारात समोर राहतात.

जागेविषयी तरुणांचा नियम असा की नेहमीचे आयकॉन अंगठ्याच्या पोहोचेत, खाली ठेवावेत. आपली वृद्ध मंडळी फोन डाव्या तळहातावर ठेवून उजव्या तर्जनीने चालवतात. त्यांना हा नियम लागू पडत नाही. तळाच्या कडेला बोट घसरले की उघडलेले ॲपच नाहीसे होते, आणि कोपऱ्यात जाड कव्हरची कड बोटाला आडवी येते. पडद्याचा मध्यभाग त्यांना सर्वांत सोयीचा.

मात्र मध्यभाग सर्वांनाच मानवेल असे नाही. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येतात, वय चौऱ्याहत्तर. मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. डाव्या हातापायातील शक्ती दोन-तीन महिन्यांत बरीचशी परतली. सूनबाई म्हणाल्या, ‘बाबांना आता फोन लावता येत नाही, विसरायला लागलेत.’ घरात हा शब्द रुळला होता, आणि बँकेचे व्यवहार मुलाकडे सोपवावेत अशी बोलणी सुरू झाली होती. मी गुरुजींना फोन काढायला सांगितले. ते पडद्याकडे पाहत राहिले. फोनचा हिरवा आयकॉन बहुतेक फोनमध्ये असतो तसा खाली डाव्या कोपऱ्यात होता, आणि त्यांची नजर उजव्या अर्ध्यातच येरझारा घालत होती. मी सूनबाईंना जेवणाबद्दल विचारले. ‘अहो डॉक्टर, रोजची तक्रार, चटणी-कोशिंबीर वाढली नाही म्हणून. समोर ताटात असते की!’ आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर कोणत्या बाजूला वाढतात हे वाचकांना सांगायला नको.

गुरुजींची स्मृती ठीक होती. डोळ्यांना दिसत असूनही मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नव्हता. उजव्या मेंदूच्या पक्षाघातानंतर हे आढळते, आणि रुग्णाला स्वतःला त्याची जाणीवच नसल्यामुळे तो तशी तक्रारही करत नाही. मी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. मान वळवून डावीकडे पाहण्याची सवय लावण्याचे व्यायाम सुरू झाले. त्याला महिने लागतात. फोनचे काम मात्र त्याच दिवशी झाले. फोन, व्हिडिओ कॉल आणि मुलीचा क्रमांक असे तीन मोठे आयकॉन आम्ही अगदी उजव्या स्तंभात आणले, बाकीचे पान रिकामे केले. दवाखान्याच्या खुर्चीत बसूनच गुरुजींनी मुलीला नाशिकला फोन लावला. बँकेच्या बोलण्यांचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही.

इथे एक सूचना ठळकपणे द्यायची आहे. कालपर्यंत सहज फोन लावणाऱ्या माणसाला आज अचानक आयकॉन सापडेनासा झाला, एका बाजूचे दिसेनासे झाले, बोट नेमके पडेना, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर फोनमध्ये बिघाड शोधत बसू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

आता स्मृतीविषयी. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला नावे आणि तारखा निसटतात, तरी हाताला जडलेल्या सवयी पुष्कळ काळ टिकतात. अंधारातही देवघरातील काडेपेटी सापडते ना, तशीच आयकॉनची जागा बोटाला पाठ होते. म्हणून सुट्टीला आलेल्या नातवाने आजीचा फोन ‘छान आवरून’ दिला, सारे आयकॉन फोल्डरमध्ये घातले, की आजी दुसऱ्या दिवशी गप्प बसून राहते. नातवाचे प्रेम मला कळते. पण आवरलेला फोन दिसायला सुंदर असून उपयोग काय? एकदा ठरलेली जागा बदलू नका. बऱ्याच फोनमध्ये होम स्क्रीनची मांडणी कुलूपबंद करण्याची सोय असते, ती वापरा.

पैशांच्या ॲपबाबत माझे मत थोडे कडक आहे. ते पहिल्या पानावर, व्हॉट्सॲपच्या शेजारी कधीही नसावे. दुसऱ्या पानावर एकटे ठेवावे, म्हणजे तिथे जायला मुद्दाम बोट सरकवावे लागते. इतर आयकॉन जितके सहज सापडावेत तितका हा एक थोडा अवघड जागी असलेला बरा.

मांडणी बदलायची झालीच तर फोनच्या मालकाला शेजारी बसवून बदला. एक आयकॉन हलवा, दहा वेळा उघडायला सांगा, आठवडाभर थांबा, मग दुसरा. तीच खोली, तोच दिवा, तोच चष्मा असावा. दुपारी उजेडात सापडणारे चित्र रात्री पिवळ्या दिव्याखाली सापडत नाही. मनासारखी मांडणी झाली की दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढा आणि कागदावर छापून औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. सॉफ्टवेअर अद्ययावत होऊन आयकॉन इकडेतिकडे झाले, किंवा फोन दुरुस्तीहून परत आला, तर तो कागद पाहून शेजारचा मुलगाही सगळे जागच्या जागी लावून देऊ शकतो.