साडेअकरा सेकंदांची बॅटरी

२०२६च्या फॉर्म्युला वन गाडीच्या बॅटरीत एका वेळी वापरता येईल अशी ऊर्जा असणार आहे ४ मेगाज्यूल. त्या बॅटरीवर चालणारी मोटर आहे ३५० किलोवॉटची. भागाकार शाळेतलाच आहे : मोटर पूर्ण ताकदीनं चालवली, तर भरलेली बॅटरी साडेअकरा सेकंदांच्या आत रिकामी. मेलबर्नचा एक लॅप साधारण ऐंशी सेकंदांचा असतो. ८ मार्चला, आपल्याकडे रविवारची सकाळ असताना, तिथे सीझनची पहिली रेस सुरू होईल. बावीस ड्रायव्हर गाड्या पळवतील आणि त्याच वेळी प्रत्येक गाडीतलं सॉफ्टवेअर एकच हिशेब करत राहील. हे साडेअकरा सेकंद कुठे उधळायचे आणि परत कुठून कमवायचे?

गेला महिनाभर मी या हिशेबात अडकलोय. आनंदानं अडकलोय, पण थोडा धास्तावलेलाही आहे.

आधी काय बदललंय ते सांगतो. २०१४ पासूनच्या हायब्रिड इंजिनात दोन इलेक्ट्रिक मोटर असायच्या. एक मागच्या चाकांना जोर द्यायची, १२० किलोवॉट. दुसरी टर्बोच्या दांड्यावर बसून धुरातून वाया जाणारी ऊर्जा पकडायची. ही दुसरी मोटर म्हणजे इंजिनिअरिंगचं रत्न होतं, पण भयंकर महागडं. रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये तिचा उपयोग जवळपास शून्य. आऊडीसारख्या कंपनीला खेळात यायचं होतं आणि हे रत्न नव्यानं घडवत बसायचं नव्हतं. म्हणून ते काढून टाकलं. पेट्रोल इंजिनाची ताकद साधारण ५५० वरून ४०० किलोवॉटवर आणली आणि उरलेल्या मोटरची १२० वरून ३५० वर नेली. म्हणजे जवळपास निम्मी ताकद आता विजेची, आणि वीज साठवायची जागा मात्र जवळपास तेवढीच. सगळ्या गोष्टी या एका असमतोलातून येतात.

बॅटरी भरायची कशी? ब्रेक लावताना मोटर उलटी, जनरेटरसारखी चालते, ही सोपी कमाई. पण मेलबर्नसारख्या वाहत्या ट्रॅकवर कचकचून ब्रेक मारायच्या जागा कमी. मग दुसरा मार्ग : ड्रायव्हरनं सरळ रस्त्याच्या शेवटी, वळणाच्या बऱ्याच आधी पाय उचलायचा आणि गाडी नुसती घरंगळू द्यायची. तिसरा मार्ग त्याहून विचित्र. ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला असतानाच मोटर इंजिनाची ताकद ओढून बॅटरीत भरायला लागते. पाय सांगतोय ‘पळ’, गाडी म्हणतेय ‘थांब, आधी पैसे साठवते’. एका लॅपमध्ये अशी सगळी मिळून साधारण साडेआठ मेगाज्यूलची कमाई करता येते. पूर्ण ताकदीच्या भाषेत सांगायचं तर चोवीस सेकंद. बाकीच्या वेळी निम्मी गाडी झोपलेली.

कायद्यानं त्यातही अटी घातल्यात. ताशी २९० किलोमीटरच्या पुढे मोटरची ताकद हळूहळू कमी करत न्यायची. पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असाल, तर मात्र ३३७ पर्यंत पूर्ण ताकद वापरायची मुभा, वर थोडी जादा ऊर्जा. ओव्हरटेकिंगसाठी जुनं डीआरएस जाऊन हे आलंय. पंख आता सरळ रस्त्यावर सगळ्यांचेच, पुढचे आणि मागचे, प्रत्येक लॅपला उघडतील. गाड्या थोड्या लहान झाल्यात, रुंदी २ मीटरवरून १.९ मीटर आणि वजन ३० किलोनं कमी. हे मला मनापासून आवडलंय. मोनाकोच्या गल्ल्यांतून गेल्या काही वर्षांत पीएमटीच्या बसेस चालल्यासारखं वाटायचं.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. आठवडाभर मी कुठल्या सर्व्हरला किती काम द्यायचं, कुठली रांग आधी रिकामी करायची, याचे नियम लिहितो. मर्यादित साठा, अनिश्चित मागणी, आणि पुढच्या काही सेकंदांचा अंदाज. फॉर्म्युला वनचे नवे नियम वाचताना मला ऑफिसचं तिकीट वाचल्यासारखं झालं. त्यातला कोड लिहायला मिळाला तर मी आनंदानं लिहीन. पण रविवारी मी जे बघायला बसतो ते हे नव्हे. ३० ऑक्टोबर २०११ ला, दिवाळीच्या सुट्टीतल्या रविवारी, ग्रेटर नोएडाला पहिली इंडियन ग्रां प्री झाली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. फेटल जिंकला. त्याच्या इंजिनात किती अश्वशक्ती आहे हे मला ठाऊक नव्हतं आणि त्यानं काही बिघडलं नाही. एक माणूस बाकीच्यांपेक्षा उशिरा ब्रेक मारतोय एवढं कळलं होतं. तीन वर्षांत ती रेस करांच्या वादात बंद पडली, माझं बघणं चालू राहिलं.

गेल्या सीझनचा शेवट तर असा की पुढच्या सीझनची वाट बघायला कारणच लागू नये. झांडव्हूर्टनंतर वेर्स्टापेन १०४ गुणांनी मागे होता. अबू धाबीला संपताना नॉरिसच्या फक्त २ गुणांनी मागे. मधल्या काळात मॅक्लॅरेननं लास व्हेगासला दोन्ही गाड्या बाद करून घेतल्या, कारण गाडीखालची पट्टी झिजून नियमातल्या किमान ९ मिलिमीटरपेक्षा पातळ झाली होती. कतारला सेफ्टी कार आली तेव्हा जवळपास सगळे टायर बदलायला आत गेले आणि मॅक्लॅरेनच्या दोन्ही गाड्या बाहेरच राहिल्या. जगातल्या सर्वांत वेगवान टीमच्या भिंतीवर बसलेल्या हुशार लोकांनी पुढ्यात सगळा डेटा असताना असे निर्णय घेतले. नॉरिसनं त्यातून अजिंक्यपद वाचवलं याचं मला कौतुक आहे.

आणि आता ते सगळं पुसून पाटी कोरी. टीमही अकरा झाल्या. सौबरची आऊडी झाली, कॅडिलॅक नव्यानं आली, होंडा ॲस्टन मार्टिनकडे गेली, रेड बुल फोर्डला हाताशी धरून स्वतःचं इंजिन बनवतेय. रेनोनं इंजिन बनवणं सोडलं.

कोऱ्या पाटीचा इतिहास मात्र फारसा समतेचा नाही. २००८च्या डिसेंबरमध्ये होंडानं खेळ सोडला. तिची उरलेली टीम ब्रॉन या नावानं २००९ मध्ये उतरली आणि बटननं पहिल्या सातपैकी सहा रेस जिंकल्या. डिफ्यूझरच्या नियमातली एक फट तिनं वेळेवर वाचली होती. २०१४ मध्ये मर्सिडीजनं १९ पैकी १६ रेस जिंकल्या. म्हणजे दोन्ही वेळा पहिल्या रेसच्या आधीच निकाल बराचसा लागलेला होता, कुठल्या तरी बंद खोलीत, कुठल्या तरी संगणकावर.

पण २०२२ही आहे. तेव्हाही नियम बदलले होते. फेब्रुवारीत बार्सिलोनाला गाड्या ट्रॅकवर आल्या आणि सरळ रस्त्यावर घोड्यासारख्या उड्या मारायला लागल्या. एवढे सिम्युलेटर, एवढे विंड टनेल, तरी बहुतेक टीमना पत्ताच नव्हता. कारण साधं आहे. विंड टनेलमध्ये ६० टक्के आकाराचं मॉडेल असतं आणि वारा ताशी १८० किलोमीटरच्या वर न्यायला बंदी. गाडी उडत होती त्याच्या कितीतरी वरच्या वेगाला. आमच्या धंद्यात याला म्हणतात, ‘टेस्टमध्ये चालत होतं’. सलग आठ वर्षं टीमचं अजिंक्यपद घेणाऱ्या मर्सिडीजला त्या वर्षी एकच रेस जिंकता आली. या जानेवारीच्या शेवटी गाड्या पुन्हा बार्सिलोनाला, या वेळी बंद दरवाजाआड, एकत्र येणार आहेत. तिथून काय बातम्या फुटतात याकडे माझे कान लागलेत.

एक फट तर आत्ताच गाजतेय. इंजिनातला कॉम्प्रेशन रेशो नव्या नियमांनी १८ वरून १६ वर आणला. आकडा जितका जास्त तितकी त्याच इंधनात जास्त ताकद. मोजणी मात्र इंजिन गार असताना होणार. डिसेंबरपासून कुजबुज आहे की कुणीतरी असे भाग बनवलेत, जे गार असताना १६ दाखवतात आणि तापून प्रसरण पावले की १८ च्या दिशेनं सरकतात. बाबांना हे सांगितलं. त्यांची सगळी नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवण्यात गेली. फॉर्म्युला वनमध्ये त्यांना ‘गोल गोल फिरणाऱ्या गाड्यां’पलीकडे रस नाही, पण हे ऐकून त्यांनी पेपर खाली ठेवला.

“गरम जॉब मोजायचाच नसतो रे. मशीनवरून उतरला की थंड होऊ द्यायचा, मग मायक्रोमीटर लावायचा. नाहीतर क्यूसीवाला रिजेक्ट करतो.”

“पण बाबा, पळताना तो गरमच असणार ना?”

“ड्रॉइंगवर काय लिहिलंय?”

“गार असताना मोजायचा.”

“मग पास आहे. भांडायचं तर ड्रॉइंग बनवणाऱ्याशी भांडा.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर मला असल्या पळवाटा आवडतात. नियम लिहिणारा आणि वाचणारा यांची ही जुगलबंदी खेळाइतकीच जुनी आहे, आणि तिच्यामागे शेवटी माणसाचंच डोकं असतं. एड्रियन न्यूई आता ॲस्टन मार्टिनमध्ये आहे. अजूनही ड्रॉइंग बोर्डवर पेन्सिलीनं गाडी काढणारा हा माणूस नव्या नियमांत काय वाचतो, हे मला कुठल्याही इंजिनाच्या आकड्यापेक्षा जास्त बघायचंय. त्याची गाडी चालवणारा अलोन्सो ४४ वर्षांचा आहे. त्याच्याकडे फार सीझन उरलेले नाहीत. फेरारीत पहिल्या वर्षी एकदाही ग्रां प्रीच्या पोडियमवर न पोचलेल्या हॅमिल्टनकडेही नाहीत.

माझी धास्ती आहे ती क्वालिफाइंगची. रेसमध्ये टायर जपायचे, इंधन जपायचं, हे पूर्वीपासून आहे. बॅटरीची त्यात भर पडली तर बिघडलं काय? पण शनिवारचा तो एक लॅप वेगळा असतो. तिथे काहीही जपायचं नसतं. गेल्या वर्षी सुझुकाला वेर्स्टापेननं १ मिनिट २६.९८३ सेकंदांचा लॅप मारला. मॅक्लॅरेनची गाडी स्पष्टपणे चांगली असताना त्यानं नॉरिसला ०.०१२ सेकंदानं मागे टाकलं. तो लॅप मी कितीदा पाहिला याचा हिशेब ठेवलेला नाही. आता समजा, सर्वांत जलद लॅपसाठी मधेच पाय उचलणं फायद्याचं ठरलं तर? वळणात कुणी जास्त हिंमत दाखवली, थोडा जास्त वेग नेला, आणि त्यामुळे ब्रेकमधली कमाई घटून पुढच्या सरळ रस्त्यावर मोटर आधीच दमली तर? सॉफ्टवेअरनं अपेक्षित लॅप धरून हिशेब मांडलेला असणार. ड्रायव्हर त्यापेक्षा चांगला निघाला तर तो हिशेब चुकतो. म्हणजे धाडस हीच गडबड. अपेक्षेपेक्षा वेगळं वागणाऱ्या माणसाला चूक समजणारी बरीच सॉफ्टवेअरं मी पाहिलीत, त्यातली काही रोज वापरतो.

उलटही होऊ शकतं. कुठे अर्धा टप्पा आधी पाय उचलला तर पुढे दोन सरळ रस्ते ताकद टिकेल, हे अंगानं ओळखणारा एखादा निघेल आणि इंजिनिअरांचं गणित त्याच्यामागून धावेल. टायर जपण्याची कला अशीच आली होती. तेव्हाही लोक म्हणाले होते की ही कसली रेसिंग.

फास्टएफवन नावाची एक मोफत पायथन लायब्ररी आहे. ती वापरून कुठल्याही लॅपचा वेग आणि ॲक्सिलरेटरचा आलेख काढता येतो. मी गेल्या वर्षीचा तो सुझुकाचा आलेख काढून ठेवलाय. १३०आर या भन्नाट वेगाच्या डाव्या वळणाकडे जाताना ॲक्सिलरेटरची रेघ वर शंभरावर चिकटलेली आहे आणि वेगाची रेघ चढत जाते. या वर्षी सुझुकाची रेस मार्चच्या अखेरीस, सीझनमधली तिसरी आहे. २८ तारखेला क्वालिफाइंग संपलं की पोल मिळवणाऱ्याचा लॅप या आलेखावर टाकायचा आणि १३०आरच्या आधीचे काही सेकंद बघायचे. ॲक्सिलरेटर शंभरावर असूनही वेगाची रेघ खाली वळते का, आणि वळलीच तर ती सगळ्यांची एकाच जागी वळते की कुणा एकाची जरा उशिरा.