कृष्णामाई जेथे समुद्राला भेटते

हैदराबादेस समुद्र नाही. चारमिनार आहे, गोवळकोंड्याचा किल्ला आहे, हुसेनसागर नावाचे एक विस्तीर्ण तळेही आहे. परंतु ज्यांचे बालपण वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर, वलांडीवर सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात गेले, त्यांचे समाधान तळ्याने कसे व्हावे? निजामाच्या राज्याचेही हेच दुखणे होते. गोवळकोंड्याचे जुने बंदर मछलीपट्टण १७५९ साली इंग्रजांच्या हाती गेले, मागाहून उरलेला किनाराही गेला, आणि एवढे ऐश्वर्यसंपन्न राज्य चहूंकडून जमिनीने वेढले गेले. १९४७ च्या सुमारास निजाम सरकारने गोव्याच्या बंदरासाठी पोर्तुगालकडे बोलणी चालविली होती, ती याचमुळे. ती फळास आली नाहीत, हे एका परीने बरेच झाले म्हणावयाचे.

नोकरीधंद्यानिमित्त हैदराबादेत वस्तीस असलेल्या आम्हां पाच मंडळींना मात्र बंदर नको होते. दोन दिवस समुद्राचा वारा मिळाला तरी पुरे होते. प्रत्येकाने थोडे थोडे पैसे काढले. खासगी मोटार करावयाची नाही, मोठ्या हॉटेलात उतरावयाचे नाही, जेथे सरकारी बस जाईल तेथवर बसने व पुढे पायी, असा नेम ठरला. कोठे जावयाचे हे ठरविताना आमच्यापैकी एकाने नकाशावर बोट ठेविले आणि म्हणाला, "महाबळेश्वरची कृष्णा जेथे संपते ते गाव पाहू या." मग दुसऱ्या कोणत्याही ठिकाणाचा विचार उरला नाही.

हैदराबादेचे मोठे बसस्थानक मुसी नदीच्या अगदी पात्रालगत आहे. ही मुसी आज मलिन व केविलवाणी दिसते; परंतु २८ सप्टेंबर १९०८ रोजी तिने जे रूप धारण केले त्याची आठवण शहर अजून विसरलेले नाही. त्या पुरात सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असे सांगतात. उस्मानिया इस्पितळाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. तिच्या फांद्यांवर चढून त्या दिवशी दीडशेच्या आसपास लोक वाचले. हीच मुसी पुढे नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीजवळ कृष्णेस मिळते. म्हणजे आम्ही ज्या पाण्याच्या काठी बसमध्ये चढलो, तेही आमच्याच गावी निघाले होते. ते आपल्या वाटेने, आम्ही आपल्या.

बस ज्या हमरस्त्याने धावते तो राष्ट्रीय महामार्ग पुण्याहून निघतो व सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करीत मछलीपट्टणास समुद्रापाशी थांबतो. रस्ता आपला, नदीही आपलीच. सह्याद्रीच्या माथ्यावर जो पाऊस पडतो, त्यातील पश्चिमेकडे उतरणारे पाणी कोकणातून लगेच समुद्रास मिळते. पूर्वेकडे वळलेल्या थेंबास मात्र चौदाशे किलोमीटरांची यात्रा करावी लागते. वाईचा घाट, सांगलीची वेस, नरसोबाची वाडी, आणि भीमेच्या द्वारे पंढरपूर, इतक्यांची धूळ पायी लावून हे पाणी तेलुगू मुलखात उतरते. १९५५ साली पंडित नेहरूंनी ज्याचा पाया घातला त्या नागार्जुनसागर धरणात ते अडते. तेथून २००४ पासून हैदराबादेच्या नळांनाही ते येऊ लागले. घरच्या माठातले पाणी कोठले, याचा विचार आम्ही त्यापूर्वी कधी केला नव्हता.

विजयवाड्यास पहाटे उतरलो. तेथील बंधारा मूळचा १८५५ चा. तो १९५२ साली फुटल्यावर त्याच्या जागी १९५७ मध्ये आजचा प्रकाशम् बंधारा उभा राहिला. बंधाऱ्याच्या वरच्या अंगास जलाशय तुडुंब आणि खालच्या अंगास वाळूची बेटे, हे दृश्य डोळ्यांत भरते. येथून कालवे फुटतात व सारा कृष्णेचा त्रिभुजप्रदेश भाताने हिरवागार होतो. पुढच्या साध्या बसने आम्ही अवनिगड्ड्यास निघालो. बाजारच्या टोपल्या, कोंबड्या, शाळेची मुले यांनी ती इतकी भरली होती की, आमच्यापैकी दोघांना दोन तास उभ्यानेच जावे लागले. परंतु अशा गर्दीतच मुलूख कळतो. वाटेत कुचिपूडी लागते. त्या नृत्याची कीर्ती ऐकून आम्ही खिडकीतून माना बाहेर काढल्या, तो दोन दुकाने व एक म्हैस एवढेच दिसले!

पुलिगड्डा येथे कृष्णेचे दोन फाटे होतात आणि त्यांच्या कवेत जी सखल भूमी राहते तिला दिवीसीमा म्हणतात. अवनिगड्डा, कोडूर, हंसलदीवी अशी गावे मागे टाकीत आम्ही जो जो पुढे सरकलो तो तो भातशेती विरळ होऊन कोळंबीची तळी दिसू लागली, मग तीही सरली आणि दोन्ही अंगांस तिवरांची बने लागली. आपल्याकडील खाजणात असतात तशीच तिवरे, तशीच चिखलावर उड्या मारणारी निवटी! आमच्यातील वसईकर गृहस्थांचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा झाला होता. हंसलदीवीस वेणुगोपाळाचे जुने देऊळ आहे. येथील संगमात स्नान करून काळा कावळा शुभ्र हंस झाला म्हणून गावास हे नाव मिळाले, अशी कथा आहे. माघी पौर्णिमेस येथे मोठी जत्रा भरते. एरवी शुकशुकाट.

रस्त्याच्या शेवटी पालकायतिप्पा. कोळ्यांची वस्ती, ताडाची झाडे, जाळी विणीत बसलेले म्हातारे आणि पलीकडे अथांग बंगालचा उपसागर. आपला समुद्र मावळतीचा, हा उगवतीचा. तेवढा फरक सोडला तर सारे ओळखीचे. उतरावयास जागा नव्हती. चहाच्या टपरीवाल्याने एका घराकडे बोट दाखविले. घरधनीण साठी उलटलेली, कानात जुन्या घडणीची कुडी, चालणे ताठ. आम्ही हैदराबादी मोडक्यातोडक्या तेलुगूत रात्रीपुरता ओसरीचा आसरा मागितला. तिने आमचे बोलणे पुरते ऐकूनही घेतले नाही. "अन्नं तिन्नारा?" म्हणजे जेवलात का, एवढेच विचारले.

त्या रात्री चिंचेच्या कोळात शिजवलेल्या माशांचा झणझणीत पुलुसू व जाड्या तांदळाचा भात आम्ही पाची जण जेवलो. बोय जातीचा मासा, खाडीचा. जेवणाचे पैसे पुढे करताच ती रागावली. आमच्या मते येथेच थोडक्या पैशांत प्रवास करणाऱ्याची खरी परीक्षा आहे. स्वस्तात फिरणे ही मोठी मौज खरी, परंतु ज्याच्या घरी आपण स्वस्तात जेवतो त्याला ते जेवण स्वस्त पडलेले नसते. तिच्या मुलाला त्या दिवशी समुद्रातून जे मिळाले त्यातला चांगला वाटा आमच्या पानात आला होता. अखेरीस आमच्यापैकी एका भगिनीने तोड काढली: घरी नेण्यासाठी म्हणून तिच्याकडची सुकी कोळंबी, ती सांगेल त्या भावाने, विकत घेतली. भाव तिने कमीच सांगितला. आम्ही हैदराबादेचा भाव लावला, आणि या उलट्या घासाघिशीत अर्धी रात्र गेली.

जेवणानंतर ती बोलू लागली. १९ नोव्हेंबर १९७७, शनिवार. दिवीसीमेत त्या दिवसास केवळ 'उप्पेना' म्हणतात. उप्पेना म्हणजे समुद्र उठून जमिनीवर चालून येणे. ती तेव्हा लहान मुलगी होती. वारा सकाळपासून वाढत होता, परंतु वाऱ्याची कोळ्यांना काय नवलाई? मग पाण्याची भिंत आली. ती भिंत सुमारे पाच मीटर उंच होती, असे पुढे जाणकारांनी सांगितले. मुलीला बापाने लुगड्याने ताडाला बांधले. बाप व आई पुन्हा दिसली नाहीत. सकाळी पाणी ओसरले तेव्हा गाव नव्हते. गुरे, माणसे व भाताच्या पेंढ्या एकाच चिखलात पडल्या होत्या. सरकारी गणनेप्रमाणे त्या वादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. गावकरी हा आकडा मानीत नाहीत. ज्यांचे संपूर्ण कुटुंबच गेले त्यांची नावे सांगावयास कोण उरले होते, असे ते विचारतात. हे सांगताना तिने आवाज चढविला नाही किंवा डोळ्यांना पदर लावला नाही. मध्येच उठून तिने मांजराला हाकलले व पुन्हा येऊन बसली.

इतके होऊनही लोक येथे का राहतात, हा प्रश्न आमच्या ओठांवर आला होता; परंतु १९०८ नंतर मुसीचा काठ सोडून हैदराबाद तरी कोठे गेले? त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांसारख्या अभियंत्याच्या सल्ल्याने शहरावर धरणे झाली. येथेही १९७७ नंतर पक्की घरे, उंचवट्यावरचे आसरे व रस्ते झाले. मछलीपट्टणास हवामान खात्याचे रडार आहे. वादळ चार दिवस आधी दिसते व गावोगाव दवंडी पिटावी तसे निरोप जातात. डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचौंग' वादळ शेजारच्या बापटला किनाऱ्यावर आले, तेव्हा येथील लोक वेळीच हलविले गेले. भात आडवे झाले, माणसे वाचली. म्हातारीचा मुलगा हे सांगताना भ्रमणध्वनी दाखवीत म्हणाला, "आता ताडाचे काम हा करतो."

त्याचे दुखणे निराळेच होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तो आम्हांस वाळूवरून संगमाकडे घेऊन गेला. चालावयास बराच वेळ लागतो. एका अंगास समुद्राची गाज, दुसऱ्या अंगास नदीचे संथ पाणी. मधली वाळू निमुळती होत होत शेवटी पावलापुरती उरते आणि तेथे कृष्णा संपते. आम्ही ओंजळीत पाणी घेऊन चाखले. खारट! नदीचे म्हणून जे दिसत होते तेही समुद्राचेच होते. पावसाळा सोडला तर वरून गोडे पाणी फारसे येतच नाही, आणि मग समुद्र आत शिरतो, विहिरी खाऱ्या होतात, असे तो म्हणाला. धरणांमागे गाळही अडून राहतो. ज्या गाळाने ही भूमी घडली तो येईनासा झाला, म्हणून किनारा कोठे कोठे खचत चालला आहे. त्याने आम्हांस पाण्यातून डोकावणारी ताडांची बुडखे दाखविली. त्याच्या बापाच्या वेळी तेथे झाडे होती.

आम्ही गप्प होतो. कोयनेचे पाणी बोगद्यांतून कोकणात उतरते, मुळशीचेही वीज करून पश्चिमेकडे जाते; त्या विजेवर मुंबईचे दिवे लागतात. सांगली-साताऱ्याचा ऊस, सोलापूरची शेती, हैदराबादेचे नळ, विजयवाड्याचे कालवे, सगळे याच एका नदीवर. यात अमुक एक चोर असे म्हणता यावयाचे नाही. प्रत्येकाची तहान खरी आहे. परंतु पंगतीत शेवटी बसलेल्याच्या पानात काय पडले, हे वाढणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावे, असे आम्हांस वाटले. २०१९ साली सांगलीकरांच्या घरांत शिरलेले पाणी नको तेव्हा येथवर येते, हवे तेव्हा येत नाही.

परतताना वाळूत वनखात्याने कुंपण घालून केलेली एक जागा पाहिली. हिवाळा सरता सरता ऑलिव्ह रिडले जातीची कासवे या किनाऱ्यावर अंडी घालतात. ती कोल्ह्याकुत्र्यांपासून राखून पिले समुद्रात सोडली जातात. रत्नागिरीकडील वेळास गावी हेच कार्य होते आणि पिले पाहावयास येणारे लोक गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, जेवतात व पैसे त्याच घरांत राहतात. ही हकीकत आम्ही म्हातारीच्या मुलास सांगितली. त्याने किती पैसे, किती खोल्या, शौचकूप कोणी बांधले, असे सात-आठ नेमके प्रश्न विचारले. काहींची उत्तरे आम्हांस देता आली नाहीत. वेळासची माहिती मिळवून कळवू, असे ठरले.

कोणी वाचक जाऊ इच्छील तर दोन शब्द. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा; ऑक्टोबर-नोव्हेंबर वादळांचे. संगमापाशी पाण्यात उतरू नये, नदी व समुद्र यांची ओढ तेथे फसवी असते. मुक्कामाचा भरवसा नसल्यास अवनिगड्ड्यास उतरावे. शेवटची बस लवकर सुटते.

ती आम्ही धावत गाठली. सुक्या कोळंबीच्या पुडक्याचा वास साऱ्या बसभर दरवळला आणि कंडक्टराने तिकिटे फाडता फाडता भाव विचारला.