नवेगावबांध: पाळीवरून पाहण्याचा तलाव

नवेगावबांध हा गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला माणसांनी बांधलेला तलाव आहे. हे आधी सांगावे लागते, कारण पाळीवर उभे राहिल्यावर त्यावर विश्वास बसत नाही. समोर पाणी, पाण्यापलीकडे झाडीने भरलेल्या टेकड्या, त्यांच्यामागे पुन्हा टेकड्या. माणसाचा हात कुठे लागला असेल ते चटकन कळत नाही. ब्रिटिश काळातल्या इंपीरियल गॅझेटिअरने या तलावाचे क्षेत्र पाच चौरस मैल आणि घेर सतरा मैल नोंदवला आहे. शनिवार-रविवारची निवांत सुटी घालवायला नागपूर, भंडारा, गोंदियाची माणसे इथे येतात. त्यातले बहुतेक वाघ पाहायला येतात आणि तलाव जाता-येता पाहतात. हा क्रम उलटा करावा. दोन दिवस तलावाला द्यावेत. उरला वेळ तर जंगल आहेच.

तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला गेला असे मानतात, आणि तो बांधणाऱ्याचे नाव लोकांनी जपले आहे: कोलू पाटील, जातीने कोहळी. एवढे मोठे जलाशय बहुधा राजांच्या नावावर जमा होतात, बांधणारे हात विसरले जातात. इथे तसे झाले नाही. कोलू पाटलाचा पुढे देव झाला. कोलासूर या नावाने त्याचे ठाणे तलावाच्या काठच्या एका टेकडीवर आहे. पाण्याभोवतीच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि बांधकामात या सातजणींनी कोलूला मदत केली अशी श्रद्धा आहे. ही श्रद्धा भूगोलाला धरूनच आहे. तलावाला चारी बाजूंनी भिंत घातलेलीच नाही. टेकड्या मुळात होत्या. त्यांच्यामधल्या खिंडी मातीच्या पाळींनी बुजवल्या आणि पावसाचे पाणी आत अडले. सर्वाधिक काम टेकड्यांनी केले. कुठली खिंड बुजवली की किती पाणी थांबेल, हे ज्याने नकाशाशिवाय ताडले त्याला लोकांनी देवपण दिले, यात नवल नाही.

कोलूचे हे जातभाई, तलाव बांधणारे कोहळी, आले कुठून, हा या भागाच्या इतिहासातला रंगलेला वाद आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६च्या ग्रंथात एक आख्यायिका नोंदवली आहे: चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, एक गोंड राजा काशीला गेला, तिथले जलकाम पाहून प्रभावित झाला आणि परतताना त्याने कोहळ्यांना बरोबर आणले. आजही ही कथा तलावावर भेटणारा मार्गदर्शक पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, आणि इतिहास म्हणूनच सांगतो. ती तशी स्वीकारायला मात्र अडचण आहे. काशीचा मुलूख गंगेच्या सपाट गाळाचा. तिथे नदी आहे, विहिरी आहेत, पुष्करिणी आहेत. पण दोन टेकड्यांमधली खिंड पाळीने अडवून खाली भाताच्या बांध्या भिजवायच्या, ही विद्या तिथल्या जमिनीला लागतच नाही. ती लागते ती उंचसखल, खडकाळ, जोरदार पावसाच्या पण पाणी झटकन वाहून जाणाऱ्या प्रदेशाला. म्हणजे नेमकी झाडीपट्टीला, पूर्व विदर्भाच्या या वनप्रदेशाला. काशीहून काही कुटुंबे आली असतीलही, आणि तीर्थक्षेत्राचे मूळ सांगितल्याने जातीला मान मिळतो हेही खरे. पण हे कौशल्य वैनगंगेच्या खोऱ्यातच, चुकतमाकत, फुटलेल्या पाळी पुन्हा बांधत पिकले असावे असे मानणे अधिक पटते. काशीच्या कथेने ज्यांचे श्रेय नकळत कमी होते, ते इथल्याच मातीत घाम गाळणारे लोक आहेत.

राजसत्तेचा वाटा वेगळ्या ठिकाणी होता. तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन द्यायची, अशी चांद्याच्या गोंड राज्यातली रीत. अशा देणगीच्या जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीला आजही तेच नाव आहे. राजाने बांधकामावर तिजोरी रिती करण्याऐवजी बांधणाऱ्याला फळाचा वाटा दिला. त्यामुळे तलाव बांधून कुणी निघून गेले नाही. बांधणारा, पाणी वाटणारा आणि खाली पीक घेणारा एकाच गावात राहिला. कोहळ्यांना पाणी हवे होते ते भातासाठी, आणि त्याहून अधिक उसासाठी. भंडारा-गोंदियाच्या बाजूला साडेतीनशे वर्षांत तलाव, बोड्या (लहान तळी) आणि बांध यांची जी दाट वीण तयार झाली, तिच्यामागे हा व्यवहार आहे. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, त्याचे आणखी खालच्या बोडीत, अशी उतरंड लागलेली दिसते. मालगुजारीच्या काळात त्यांची मालकी मालगुजारांकडे, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे, होती, म्हणून पूर्व विदर्भातल्या अशा हजारो तलावांना सरकारी कागदात माजी मालगुजारी तलाव म्हणतात. लोक नुसते मामा तलाव म्हणतात.

पाणी थांबले की मासे आले, आणि माशांबरोबर ढिवर. या प्रदेशातली मासेमारी ढिवर समाजाच्या हातची. डोंगा, फेकजाळे, गळ, बांबूचे सापळे ही त्यांची साधने, आणि पाण्याच्या तळाची माहिती हे त्यांचे खरे भांडवल. पहिल्या पावसात सांडव्यावरून पाणी वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, भाताच्या बांध्यांतही शिरतात आणि तिथे अंडी घालतात. मरळ, मांगूर, शिंगी असे स्थानिक मासे उथळ, वनस्पतींनी भरलेल्या काठावर वाढतात. म्हणजे तलावाचा काठ जितका स्वच्छ, मोकळा आणि सिमेंटने बांधलेला, तितका तो माशाला निरुपयोगी. सुशोभीकरणाच्या उत्साहात ही गोष्ट वारंवार विसरली जाते. काठावरची फरसबंदी, दिवे आणि बाकडी पाहून पर्यटक खूश होतो; मासा तिथे अंडी घालत नाही.

१९५० नंतर मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. छोटे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. जमीनदारीचा अंत न्याय्यच होता. पण पाळीची डागडुजी, गाळ काढणे, पाण्याची पाळी ठरवणे ही कामे ज्या गावव्यवस्थेतून होत होती ती त्याबरोबर मोडली, आणि तिची जागा घेणारे दुसरे काही उभे राहिले नाही. गाळ साचला, बेशरम हे तण माजले, मत्स्यव्यवसायात रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले आणि स्थानिक जाती मागे पडल्या. याच अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर कुटुंबांना बरोबर घेऊन काही तलावांत उलट दिशेने काम केले: बेशरम उपटली, तळ नांगरून देशी पाणवनस्पती लावल्या, स्थानिक मासे परत आणले. तलावाचे ज्ञान कुणाकडे आहे हे त्या कामाने दाखवून दिले. त्यात बायकांचा हात मोठा होता, कारण काठावरचा पाला, पाणवनस्पतींचे कांदे, शिंगाडे आणि लहान मासळी यांची पिढ्यांची माहिती त्यांच्याकडेच होती.

आता प्रवासाविषयी. नागपूरहून मुंबई-कोलकाता महामार्गाने भंडारा, साकोली ओलांडून कोहमारा फाट्याला यावे आणि तिथून दक्षिणेला वळावे. रेल्वेने येणाऱ्याला गोंदिया-बल्लारशा मार्गावरचे देवलगाव जवळ पडते. एकेकाळी नॅरोगेज असलेली ही वाट आता ब्रॉडगेज आहे, पण गाड्या थोड्या, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा तलाव भरलेला असतो, धान कापणीला आलेले किंवा नुकते कापलेले असते, आणि उत्तरेकडून आलेली बदके पाण्यावर असतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. जवळच्या गावात रात्रीचा प्रयोग असेल तर तो चुकवू नये. पावसाळ्यात जंगल बंद असते, मात्र सांडव्यावरून कोसळणारे पाणी पाहायचे तर तेव्हाच यावे लागते.

मुक्कामाची सोय पुरेशी नाही, आणि आहे ती तलावाच्या तोलाची नाही. सरकारी विश्रामगृहे आणि खासगी निवास मोजके. शनिवारी ते भरतात, म्हणून आरक्षण आठवडाभर आधी हवे. जेवण आधी सांगून ठेवावे लागते. खोल्या पाण्याकडे पाठ करून बांधलेल्या असतात, हे तर अक्षम्य आहे. काठावर मोठ्याने गाणी लावून बसणाऱ्या टोळक्यांनी पक्षी उठवून लावलेले पाहिले की वाईट वाटते. त्यापासून वाचण्याचा उपाय एकच: शुक्रवारी रात्री पोहोचावे आणि शनिवारी उजाडण्याआधी पाळीवर जावे.

गळ टाकण्याची हौस असणाऱ्याने परवानगीचे पाहूनच यावे. परिसराचा मोठा भाग संरक्षित वनात येतो; इथले राष्ट्रीय उद्यान १९७५मध्ये जाहीर झाले आणि २०१३मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. गावोगावच्या तलावांतल्या मासेमारीवर मच्छीमार सहकारी संस्थांचा हक्क असतो. त्यामुळे वनखात्याच्या कार्यालयात आणि स्थानिक संस्थेकडे विचारल्याशिवाय गळ पिशवीतून काढू नये. परवानगी मिळाली नाही म्हणून सुटी वाया जात नाही. सकाळी जाळी ओढून आलेले डोंगे काठाला लागतात तेव्हा ताजी मासळी तिथेच मिळते, आणि गावातल्या एखाद्या घरी सांगितले तर मरळीचा झणझणीत रस्सा आणि नव्या तांदळाचा भात दुपारी ताटात येतो. सुकवलेल्या शिंगाड्याचे पीठ घरी न्यावे.

मराठी वाचक नवेगावबांधला बहुधा मारुती चितमपल्ली यांच्या पुस्तकांतून आधी पोहोचलेला असतो. वनाधिकारी म्हणून त्यांची इथली वर्षे त्यांच्या लेखनाचा पाया ठरली, आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक याच काळाचे. त्यांनी ज्यांच्याविषयी आदराने लिहिले ते नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार हे शाळेबाहेर शिकलेले पक्षितज्ज्ञ आणि जंगलवाचक. अभ्यासकाने स्थानिकाकडून शिकावे आणि ते मोकळेपणी कबूल करावे, ही गोष्ट कोलू पाटलाच्या गावात घडली हे योग्यच झाले. पुस्तकातले नवेगाव शोधत हिंडणाऱ्याची थोडी निराशा होते, कारण वस्ती वाढली, रस्ते रुंद झाले. पहाटेची पाळ बरीचशी तीच आहे. नंतर सफारी, उद्यान, निरीक्षण मनोरा यांवर अर्धा दिवस पुरेसा आहे. वाघ दिसला तर दिसला.

रविवारसाठी कागदावर भरपूर काही असते. गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण जवळ आहे. प्रतापगडाच्या डोंगरावर महादेव आणि दर्गा दोन्ही आहेत. गोठणगावकडे तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२पासूनची. हिवाळ्यात स्वेटर विकणारे अनेकजण तिथले. हे सगळे एका दिवसात गाठण्याचा बेत बहुतेकजण आखतात. तो मोडावा. सकाळचे धुके विरेपर्यंत पाळीवर चालत राहिले की तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडण्याच्या तोंडाशी, थांबावे. खाली बांध्यांत उतरणारे पाट, धुऱ्यांवरची झाडे, आणि मागे पाळीच्या उंचीवर टेकलेले पाणी एकाच नजरेत येते. तीनशे वर्षांपूर्वीचा हिशेब तिथे उभ्या उभ्या समजतो. मग इटियाडोहाला जायचे राहून जाते.

परतीच्या वाटेवर साकोलीजवळ शिवनीबांध लागतो. जुन्या गॅझेटिअरने नवेगाव, शिवनी आणि सिरेगाव या तिन्ही तलावांची नावे एकत्र घेतली आहेत, आणि तिन्ही कोहळ्यांचीच कामे. सिरेगावबांध अर्जुनी मोरगाव तालुक्यातच असल्याने जाताना पाहून होतो, शिवनीचा येताना. इथे पर्यटक जवळजवळ नसतात. धुणी, गुरे, एखादे जाळे आणि पाळीवर वाळत घातलेले धान, एवढेच असते. तिथे अर्धा तास थांबूनही संध्याकाळपर्यंत नागपूर गाठता येते.