पायी पाहिलेली मुंबई

मुंबईस आलेला पाहुणा गेट वे ऑफ इंडिया पाहतो, राणीच्या बागेत जातो, चौपाटीवर भेळ खातो आणि मुंबई पाहून झाली, असे मानून परत फिरतो. त्यात वावगे काही नाही. मला मात्र या नगरीची ओळख पटली, ती पायी हिंडताना.

अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेस दाट वस्तीतून वाट काढीत गेले की एकाएकी एक काळाकभिन्न कडा समोर उभा राहतो. हीच गिल्बर्ट टेकडी. उंची सुमारे २०० फूट. पण इमारतींच्या गर्दीत ती अशी काही दडली आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत तिचा पत्ता लागत नाही. तिच्या अंगावर कोनदार दगडी खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. हे खांब कोणा पाथरवटाने घडविलेले नव्हेत. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील तप्त रस येथे वर आला. थिजताना तो आकसला आणि उन्हाळ्यात तळ्यातील चिखलाला भेगा पडाव्यात, तशा त्याला भेगा पडल्या. त्या खोल खोल उतरत गेल्या व खडकाचे असे खांब झाले. प्रचंड डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले, तेही साधारण याच काळात! अमेरिकेत अशाच खांबांचा एक सुळका पाहावयास लोक दूरदूरहून येतात. येथे खडकात खोदलेल्या पायऱ्या चढून गावदेवीच्या दर्शनास जाणारी माणसे तेवढी दिसतात.

वाढत्या शहराला खडी हवी होती, घरांना दगड हवा होता. भोवतालचा खडक फोडला गेला आणि हा सुळका तेवढा शिल्लक राहिला. २००७ साली महानगरपालिकेने त्यास वारसास्थळ ठरविले. ऊन आणि पाऊस यांना मात्र तो ठराव कोणी वाचून दाखविलेला नाही. त्यांचे काम चालूच आहे.

वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव त्या मानाने प्रसिद्ध. तरी त्याच्या पायऱ्यांवर बसले की नवल वाटतेच. खारा समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि येथे गोड्या पाण्याचा झरा! रामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा आहे.

सर्वांत लपलेली वस्तू मात्र भर रस्त्यातच आहे. इंग्रजांच्या अमदानीत मुंबईतील मैल सेंट थॉमस चर्चपासून मोजीत. हे चर्च १७१८ साली उघडले. त्याच्याकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा तो चर्चगेट. दरवाजा केव्हाच पाडला, नाव मात्र स्थानकाला चिकटून राहिले. रस्त्यांवरील मैलाच्या दगडांवर अंतराचे रोमन आकडे कोरलेले होते. रस्ते वरचेवर उंच होत गेले आणि कित्येक दगड पदपथांत रुतले. अलीकडे काही दगड खणून काढून नीट उभे केले आहेत.

अशाच एका अर्धवट गाडलेल्या दगडापाशी परवा दप्तर पाठीवर घेतलेला एक मुलगा उकिडवा बसला होता. आकड्यावरून बोट फिरवीत त्याने मला विचारले, "काका, हा अजून किती खाली असेल हो?"

मीही वाकून पाहिले. दगड फरशीखाली पुढे गेलेला होता.